तुमच्या खोलीतलं रोप

ती. बाबा,

उरणला फ्लॅट घेतला, तेव्हा दुसरी खोली तुमच्यासाठी ठेवली. तुम्ही एकदाच आलात आणि म्हणालात, "मृणाली, या डब्यात वारा कुठून येतो गं? दिवेआगरला ये, आपल्या सुपारीच्या वाडीत घर बांध." मी सिव्हिल इंजिनियर. वाडीतलं घर वादळात का टिकणार नाही, ते समजावत बसले. तुम्ही वाडीतून आणलेलं सुपारीचं रोप ठेवून गेलात.

बाल्कनीतल्या उन्हात त्याची पानं करपली. वाडीत तुम्ही रोपं केळीच्या सावलीत वाढवता. इथे सावली फक्त तुमच्या खोलीत आहे, म्हणून ते तिथे ठेवलंय. संध्याकाळी मीही तिथेच बसते.

मला परत यावंसं वाटतं. हे पत्र पाठवणार नाही. उद्या फोनवर एवढंच विचारेन, की रोप पुन्हा वाडीत लावलं तर जगेल का.

तुमची,
मृणाली