पाचवा टॉवेल

थोरल्या,

तुमच्या त्या पाळण्यांच्या पार्कातून याल तेव्हा मी खोलीत नसेन. खाली पोहण्याच्या तलावाशी बसलेय, सगळ्यांना दिसेल अशी.

हॉटेलची खोली चौघांच्या नावावर आहे, तू पाचवी, दार वाजलं तरी उघडू नकोस, असं रोज बजावून जातोस. मी काय चोरून आणलेलं मांजर आहे? तीन दिवस टीव्हीसुद्धा मुका ठेवून बसले. आज उघडलं दार. सफाईवाली होती. तिनं चार टॉवेल ठेवले, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता पाचवा माझ्या हातात दिला.

जेवण झाकून ठेवलंय, पोरांना आधी वाढ. पाचवा टॉवेल खुर्चीवर आहे. त्याला कुणी हात पुसायचे नाहीत. तो माझा आहे.

आई