आबा तोफखान्यात नव्हते

आबा, आज तुमच्या धाकट्या लेकाने तुम्हाला नेव्हीत भरती केलं. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि आता शहाडला आपल्या घरासमोरच्या चौकाला तुमचं नाव मिळालं, म्हणून कोपऱ्यावर हा एवढा थोरला फ्लेक्स लागलाय. मुंडकं तुमचं, रेशनकार्डाच्या फोटोवरून ओढून मोठं केलेलं, आणि मानेखाली नौदलाच्या कुणा साहेबाचा पांढराशुभ्र युनिफॉर्म. खांद्यांवर सोनेरी पट्ट्या, छातीवर पदकांच्या दोन रांगा. मागे एक रणगाडा, एक विमान, आणि का कोण जाणे, एक वाघ. खाली लिहिलंय, 'तोफखान्याचे शूर वीर, कुटुंबवत्सल आबा'. म्हणजे तोफखाना लिहायचा आणि कपडे जहाजावरचे घालायचे. समुद्र तुम्ही पाहिलात तो आम्हाला चौपाटीला नेलंत तेव्हा, आणि पँट भिजली म्हणून घरी येईस्तोवर कुरकुरत होतात.

फ्लेक्सचा फोटो व्हॉट्सॅपवर आला तेव्हाच मी धाकट्याला फोन केला होता. म्हटलं, "अरे, आबा आर्मीत होते. हा युनिफॉर्म नेव्हीचा आहे." तर म्हणतो कसा, "ताई, फ्लेक्सवाल्याकडे तोच होता गं. आणि पांढरा कसा उठून दिसतो! लोकांना काय डोंबल कळतंय?" मी म्हटलं, "मला कळतंय ना." "तू एकटीच आहेस तशी." मग आवाज खाली आणून, "आणि हे बघ, तू दोन शब्द बोलणारेस ना, त्यात ते लंगर-बिंगर काढू नकोस हां. साहेब येणारेत." साहेब म्हणजे यंदा नगरसेवकपदाला उभं राहू बघणारे एक गृहस्थ. त्यांचा फोटो फ्लेक्सवर तुमच्यापेक्षा मोठा आहे. मी फोन ठेवला आणि त्याच क्षणी ठरवलं की काढायचं. लंगरच काढायचं. चौकात एकदा लोखंडी पाटी ठोकली की पुढे कोण विचारतंय, आबा खरे कोण होते ते?

तुम्ही पलटणीत स्वयंपाकी होतात. आपल्या घरात हे वाक्य इतकं कमी वेळा उच्चारलं गेलंय की लिहितानासुद्धा हात अडखळतो. लंगर म्हणजे पलटणीचं स्वयंपाकघर, आणि तिथेच तुमची नोकरीची सगळी वर्षं गेली. बर्फात डाळ शिजत नाही, ती आदल्या दिवशीच भिजत घालायची, हे तुम्ही आईला सांगायचात आणि आई म्हणायची, "अहो, शहाडला कुठला आलाय बर्फ?" उजव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचा डाग होता, तो स्टोव्ह भडकला त्याचा. आज चौकातल्या कार्यक्रमात सूत्रसंचालकाने त्याला शत्रूचा गोळा चिकटवला. वर दोन ओळींचा शेर मारला. शी! नुसता उबग आला मला त्या माणसाचा, त्याच्या त्या चकचकीत जाकिटाचा, आणि पुढे बसून माना डोलावणाऱ्या आपल्या झाडून सगळ्या नातेवाइकांचा. तुम्ही आजारी होतात तेव्हा यातला एकही संत्री घेऊन आला नव्हता.

मला त्या गर्दीत बसल्या बसल्या वागळे इस्टेटचा दिवस आठवत होता. पलटणीतून सुटून आल्यावर तुम्ही तिथल्या एका कारखान्याच्या कँटीनला लागलात. मे महिन्याच्या सुट्टीत एकदा मला घेऊन गेलात. मी आठवीत. कोपऱ्यातल्या बाकावर बसलेय, हातात लिंबू सरबताचा ग्लास, आणि आत मोठ्या पातेल्यातला भात करपतो. वरचा भात चांगलाच होता, थोडा वास येत होता इतकंच. कुणी काही बोललं नसतं. पण तुम्ही वाढायला स्वतः उभे राहिलात आणि ताट पुढे आलं की प्रत्येकाला सांगत होतात, "आज भात लागलाय. चूक माझी आहे." एकेकाला, आबा! एवढी लांब रांग, आणि प्रत्येक ताटाला तेच वाक्य, त्याच आवाजात. लोक हसायला लागले. एक जण म्हणाला, "मामा, पुरे आता, कळलं." तुम्ही पुढच्या ताटाला परत सांगितलंत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. घरी येताना मी विचारलं, सगळ्यांना कशाला सांगायचं? तर तुम्ही म्हणालात, "मग कुणाकुणाला नाय सांगायचं, ते तू ठरिव."

आता इथवर आलेच आहे तर आणखी एका दिवसाबद्दलही लिहिते. मला बघायला डोंबिवलीचे पाहुणे आले होते. आईला ताप होता म्हणून पोहे तुम्हीच केले होते, आणि असे केले होते की माझे होणारे सासरे दोनदा मागून खात होते. मी चहाचा ट्रे घेऊन उभी. ते विचारतात, "वडील मिलिटरीत कशात होते तुमचे?" तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात, हातात कोथिंबिरीची वाटी. धाकटा दहा-अकरा वर्षांचा, पलंगावर बसून सगळं ऐकतोय. शिकलेली माणसं होती ती, मुलगा ऑफिसात, डोंबिवलीत स्वतःची जागा. आणि मी म्हणाले, "तोफखान्यात."

मला कुणी शिकवलं नव्हतं ते. कसं तोंडातून गेलं देव जाणे. सासरे एकदम सावरून बसले, "अरे वा!" म्हणाले आणि दाराकडे बघून तुम्हाला हात जोडले. तुमच्या हातात वाटी होती, तुम्हाला नीट हात जोडता येईनात. तुम्ही नुसती मान हलवलीत आणि आत गेलात. दुसऱ्या दिवशी मी केस विंचरत होते तेव्हा मागून येऊन म्हणालात, "तोफंचा आवाज कसा असतो, ठाव हाय का तुला?" मी नाही म्हटलं. "मलाबी नीट नाय. लांबून ऐकलाय." बास. तेवढंच. एक थोबाडीत दिली असतीत तर निदान संपलं तरी असतं.

आणि त्यानंतर तुम्ही काय केलंत? सासऱ्यांना ते जाईपर्यंत फसवलंत. दर दिवाळीला ते तोफांचं विचारायचे आणि तुम्ही "व्हय, मोठ्या असत्यात" म्हणून फराळाच्या ताटात बघत बसायचात. भात लागला तर रांगेतल्या एकेका माणसाला सांगणारे तुम्ही! माझ्यासाठी केलंत, माझा संसार नीट व्हावा म्हणून केलंत, हे मला काय कळत नाही? पण त्या गप्प बसण्याचा मला राग येतो, आबा. कारण धाकटा ते बघत मोठा झाला. त्याला वाटलं, असंच करायचं असतं. आज त्याने तुम्हाला पांढरे कपडे घातले म्हणून मी त्याला सकाळपासून मनात शिव्या घालतेय, मूर्ख म्हणतेय, लाचार म्हणतेय. त्याने फक्त रंग चुकवला. बाकी सगळं माझ्याकडूनच घेतलंय त्याने.

तर आज माझं नाव पुकारलं. पहिल्या रांगेत हे बसलेले, जावई म्हणून मांडीवर शाल आणि नारळ. पस्तीस वर्षांत ह्यांनाही मी कधी सांगितलेलं नाही. मी माईक धरला आणि म्हटलं, "माझे वडील तोफखान्यात नव्हते. ते लंगरमध्ये स्वयंपाकी होते. ते जन्मभर रोट्या लाटत होते." असं सरळ, स्पष्ट. साहेबांनी मोबाईलमधून डोकं वर काढलं. धाकट्याचा चेहरा पडला. मला वाटलं, झालं, सुटलं एकदाचं.

तेवढ्यात त्या जाकीटवाल्याने दुसरा माईक तोंडाला लावला. "बघा! काय हा साधेपणा! तोफा चालवणारा हा वीर घरी सांगायचा, मी फक्त रोट्या लाटतो! का? तर लेकरांनी घाबरू नये म्हणून! जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!" आणि झाल्या. आबा, अशा टाळ्या झाल्या की काय सांगू. साहेब उभे राहिले. मामी डोळ्याला पदर लावून बसल्या. धाकटा तर खरंच रडत होता, सगळं ठाऊक असूनही त्या घटकेला त्याला ते खरं वाटलं होतं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली, आणि डोळ्यांत एवढा अभिमान की मला बघवेना. जाकीटवाला माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, अजून काही बोलायचंय?"

माईक माझ्याच हातात होता. चालू होता. 'अहो नाही, मी खरं सांगतेय' एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी म्हटलं, "नको. झालं."

घरी आल्यावर हे म्हणाले, "छान बोललीस. आबांनी कधी बढाई मारली नाही बघ." जेवले आणि आत झोपलेत. हे पत्र तुम्हाला कुठे धाडणार? द्यायचंच तर ह्यांना द्यायला हवं, ते उठायच्या आत उशाशी ठेवायला हवं. मी ठेवणार नाहीये. दुपारभर मी या सगळ्यांना नावं ठेवत बसलेय, पण तुम्हाला म्हणून सांगते. टाळ्या वाजल्या ना, तेव्हा मला बरं वाटलं.