डोपचा पहिला हात

५ जानेवारी, रविवार
चर्चमधली उपासना संपल्यावर शेडवर. बेलापुरातली ही कांद्याची शेड. कांदा गेला, वास राहिला. मधोमध दोन माणसांचं जुनं विमान, पंखांचे नुसते सांगाडे. ते नववी-दहावीच्या पोरांकडून दुरुस्त करून घ्यायचं. शिकवणारे, मी धरून, सगळे फुकट येणारे, आणि बाकीच्यांकडे बघताक्षणी ते कळतं. सहादेवकाका एअरफोर्समधून रिटायर झालेले. एक बोल्ट आवळायचा तर आधी जोधपूरची गोष्ट. हे तुच्छतेने लिहीत नाही. वस्तुस्थिती आहे.

२६ तारखेला गावासमोर इंजिन सुरू करायचं. कॉकपिटमध्ये कोण बसणार ते ठरलेलं नाही. म्हणजे मीच. पप्पांनी मला सातवीपर्यंत घरी शिकवलं. शाळेच्या वाईट सवयी लागल्या नाहीत.

९ जानेवारी
संकल्प: पोरांवर ओरडायचं नाही.
शेडच्या दारातच मोडला. दहावीतली ज्ञानेश्वरी पंखाच्या लाकडी फासळीला सँडपेपर मारता मारता रील बघत होती. हे काय, म्हटलं. म्हणाली, "मॅडम, हात चालूच हायेत की. डोळे रिकामे हुते."
अशांच्या हाती विमान!

१५ जानेवारी
काल संक्रांत. सगळ्यांची बोटं तिळगुळाने चिकट, आणि त्याच बोटांनी पंखांवर कापड ताणलं. माझ्या बाजूला दोन सुरकुत्या आल्या. कापडातच दोष असावा.
घरी पप्पांच्या आरामखुर्चीत बसून इंजिन सुरू करायची तालीम. पप्पांनी विचारलं, कुठे निघालीस?

१७ जानेवारी
कापडावर जे वार्निश देतात त्याला डोप म्हणतात. त्याने कापड ढोलासारखं ताणतं. पालकांच्या ग्रुपवर मेसेज मीच टाकला, कारण काकांना ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. "रविवारी उपासनेनंतर शेडमध्ये डोप. सर्व मुलांनी यावे. उपाशीपोटी येऊ नये. एकही थेंब वाया जाता कामा नये."
उपाशीपोटी वासाने चक्कर येते, म्हणून ते. तीनदा तपासला. इतका स्वच्छ मेसेज या ग्रुपने पाहिला नसेल. अंगठेच अंगठे आले.

१९ जानेवारी, रविवार
शेडबाहेर बायांची रांग. प्रत्येकीच्या कडेवर तान्हं पोर. सर्वांत पुढे भीमाबाई, ज्ञानेश्वरीची आजी, नातवाचं तोंड पुसत. म्हणाल्या, "पाज बाई लवकर. ऊन चढलं."
काय पाजू?
"पोलिओचा डोस. तूच टाकलं न्हाई का मोबाईलवर?"
मी शांतपणे सांगितलं की डोस नाही, डोप. ते विमानाला द्यायचं असतं.
"मंग थेंब कशापाई म्हनलीस? इमानाला तोंड हाय व्हय?"
सगळ्या हसल्या. ज्ञानेश्वरी सर्वांत मोठ्याने. प ला स वाचणाऱ्यांची चूक, आणि हसू माझं.
ठरल्याप्रमाणे डोपचा पहिला हात मीच दिला. बाया परत निघाल्या, त्यांच्या पायांची धूळ ओल्या पंखावर बसली. पंख बाजरीच्या भाकरीसारखा दिसतो. काका म्हणाले, घासून काढावं लागेल. धूळ उडू नये म्हणून एका बाजूला पाणी मारलं होतं, बायांना तिकडून जाता आलं नसतं का?

२३ जानेवारी
पोरांनी पंख घासून पुन्हा डोप दिला. चांगला सराव झाला त्यांना, माझ्यामुळे. आभार कुणी मानले नाहीत.
मग काकांनी विचारलं, कॉकपिटमध्ये कोण? पोरांनी हात वर करून ज्ञानेश्वरीला निवडलं. शेजारी काका. विमान म्हणजे काय ग्रामपंचायत आहे? तिला इंजिन सुरू करायचे टप्पे पाठ आहेत का? विचारलं. आहेत म्हणे. पोपटालाही असतात.
मत्सर हे पाप आहे. हा मत्सर नाही, काळजी आहे. काका म्हणाले, तुलाही महत्त्वाचं काम देतो. देखरेखच असणार.

२६ जानेवारी, रविवार
झेंडावंदन. काम कळलं. इंजिन जोरात फिरवलं की विमानाची शेपटी उचलली जाते आणि नाक जमिनीवर आपटतं. म्हणून शेपटी दाबून धरायची. काका म्हणाले, वाळूचं पोतंही चालतं, पण पोतं सरकतं. जबाबदार माणूस हलत नाही.
जबाबदार. सर्वांसमोर म्हणाले.
ज्ञानेश्वरी कॉकपिटमधून ओरडली, "मॅडम, घट्ट! सोडू नका!" नाकावरचा पंखा फिरला. पहिल्याच झटक्यात. माझ्या डोळ्यांत माती, तोंडात माती, ओढणी कुठे गेली कळलं नाही. टाळ्या पुढच्या बाजूला झाल्या. मी सोडलं नाही. डोळेही उघडले नाहीत.
बऱ्याच वेळाने खांद्यावर हात पडला. भीमाबाई. म्हणाल्या, "सोड की बाई आता. इंजन कवाच बंद झालंय."
जिलेबी संपली होती.