मागची फळी

आबा, शर्यतीची नवी गाडी येतेय. तू असतास तर भरल्या ताटावरून उठला असतास, म्हणून तुलाच सांगते. बैलांची नाही, मोटारगाडी. पण बाजाराला, लग्नाला जायची नव्हे, निव्वळ पळवायची. मुंबईकडे कोणी हौशी कारखानदार आहे, तो आपल्या शेडमध्ये बनवतोय. तिला हॉर्न नाही, दिवे नाहीत, सामान ठेवायला डिकी नाही. दारं आहेत की नाहीत यावर माझ्या लेकाच्या गॅरेजात पावसाळा संपल्यापासून भांडण चाललंय. इथे लग्नात द्यायला साधी स्कूटर नोंदवली तर नंबर लागेपर्यंत नवरदेवाची पोरं शाळेत जायला लागतात, आणि हा एकटा माणूस अख्खी मोटार घडवतोय. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा चेहरा आठवायचा तर आधी तुझी टोपी आठवावी लागते, मग तिच्याखाली तू येतोस. पण ही बातमी ऐकली आणि टोपीबिपी काही लागलं नाही. सरळ तूच समोर उभा, कमरेला हात लावून विचारतोस, वजन किती?

गॅरेज आपल्याच वाडीत आहे, तुझ्यामागे माझ्या वाट्याला आली ती, बोळिंजच्या रस्त्याला लागून, जिथे आपण केळीचे घड गाडीत भरायचो तिथेच. केळी गेल्या, आता तिथे मोटारी पोट उघडून पडलेल्या असतात. मी दुपारची दारात पाट टाकून बसते आणि वाल सोलते. लेकाला वाटतं मी त्याच्यावर लक्ष ठेवायला बसते. त्याच्यात लक्ष ठेवण्यासारखं काय आहे, पन्नाशीला टेकला. मी गप्पा ऐकायला बसते. रोज दोघं येतात. एक वसईच्या शाळेतले सर, ख्रिस्ती आहेत, इंग्रजी मासिकं वाचतात आणि त्यांची फटफटी महिन्यातले वीस दिवस आमच्याकडे मुक्कामाला असते. दुसरा कोळीवाड्यातला टेम्पोवाला, मासळीच्या पाट्या नेतो. तो आला की मांजरं आधी येतात.

सर एकदा म्हणाले, "इंजिन पाठीमागे असणार. लिहून ठेवा."

मी म्हटलं, "म्हणजे बैल गाडीच्या मागे जुंपायचे?"

"तसंच समजा, आजी."

"आणि ढकलायचं कशाने, शिंगांनी?"

टेम्पोवाला म्हणाला, "बैल मागं बांदला तर तो गाडीतला पेंढाच खाईल, आजी. गाडी ऱ्हाईल तिथंच."

"तुझ्या टेम्पोचं इंजिन पुढेच आहे ना? तो तरी कुठे हलतो?" मी म्हटलं. लेक म्हणाला, "आई, तू वाल सोल." मी वाल सोलले, पण कान तिकडेच. चाकं रुंद असणार. पत्र्याऐवजी ॲल्युमिनियम असणार. टेम्पोवाल्याला पटेना. इतका पातळ पत्रा म्हणजे भांडंच ते, पानी तापवायचं, त्यात बसून कोण मरायला जाईल? सर म्हणाले, हलकी गाडी वळणावर कशी जाते हे तुम्हाला कळायचं नाही. मी मान खाली घालून वाल सोलत राहिले. हलकी गाडी वळणावर कशी जाते ते मला विचारायला पाहिजे होतं.

तुला आठवतं का, भातं झोडून झाली की आपल्या ओट्यावर हेच चालायचं. शर्यतीतला तुझा वैरी, त्या चांदीप गावच्या चांदीपवाल्याने यंदा गाडी कशी केली? त्याने ती गोठ्यात पेंढ्याखाली लपवलेली असायची आणि तुझी माणसं बैल विकत घ्यायचं सोंग करून बघून यायची. एक म्हणायचा आरे बारीक केलेत, दुसरा म्हणायचा नाही, चाकच लहान केलंय, तिसऱ्याने तर पेंढ्यातून बाहेर आलेली नुसती दांडी बघितलेली असायची, पण सगळ्यात जास्त तोच बोलायचा. तू ऐकून घ्यायचास आणि मग मागच्या पडवीत जाऊन आपली गाडी तासायला बसायचास. केळी वाहायची गाडी वेगळी, ही वेगळी. हिच्यात एक दाणा जास्तीचा चालत नसे. बाजूच्या काठ्या काढल्यास, तळाची फळी काढून काथ्या विणलास, लाकडातल्या गाठीसुद्धा कोरून काढल्यास. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, आता चाकं पण काढा म्हणजे झालं. तू म्हणायचास, काढली असती, पण मग बैलांना कळायचं नाही की ते शर्यतीत आहेत.

एकदा तू विहिरीवर गेलास आणि मी त्या गाडीवर चढून बसले. नुसती बसले, काही मोडलं नाही. तू आलास आणि म्हणालास, "उतर खाली. शर्यतीच्या गाडीवर ओझं नको." मोठ्याने नाही बोललास. पण मुलगी म्हणजे ओझं हे तेव्हा गावात ज्याच्या त्याच्या तोंडी होतं, माझ्या आत्यांनी तर त्याची गाणी करायची बाकी ठेवली होती. तुझ्या तोंडून मात्र मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला. मी उतरले आणि जाऊन शेणाचा गोळा असा आपटला की गोवरी भिंतीला नाही, भिंतीतच बसली.

मग त्या वर्षीची शर्यत. ओहोटीची ओली वाळू, शेवटाला निशाणाचा बांबू, त्याला वळसा घालून परत यायचं. आपली गाडी जाताना अशी गेली की चाकं वाळूला लागतायत की नाही कळेना, आणि वळणावर खरंच लागली नाहीत. आतलं चाक वर उठलं आणि तू समुद्रात. बैल धड, गाडी धड, तुझी टोपी मात्र अरबस्तानात गेली असेल. लोक आठवडाभर हसले. तू हसला नाहीस. विचार करत होतास, आणि एका सकाळी चुलीपुढे बसून भाकरी खाताखाता माझ्याकडे बघितलंस. बैल विकत घेताना बघायचास तसं. आईला म्हणालास, "हिचं वजन किती असेल?" आई म्हणाली, "अंगावर मास कुठे आहे तिच्या?" तू म्हणालास, "तेवढंच हवं."

पुढच्या मोसमात तू गाडीच्या पाठीला एक फळी बसवलीस. वळणावर कोणीतरी आतल्या बाजूला झुकून चाक दाबून धरायचं. मोठा माणूस नको, तो बसला तर गाडी मागे उलाळते आणि जू बैलांच्या गळ्याला फास लावतं. आधी गावातला एक पोरगा बघितलास, तो रडला. मग मला हाक मारलीस, "ए ओझं, चल."

आबा, लग्न झालं, पोरं झाली, नातवंडं झाली. पण त्या फळीवर बसून मी जे बघितलं ते परत कुठे दिसलं नाही. मी उलटी बसलेली, तुझ्या पाठीला पाठ लावून, त्यामुळे आपण कुठे जातोय ते दिसतच नाही. मागे काय सुटतंय तेवढं दिसतं. वाळू पळतेय, माणसं पळतायत, आत्या पळतायत, चांदीपवाल्याचे बैल तोंड उघडून माझ्याकडे येतायत आणि येत नाहीत. तू ओरडतोस, "ओझं, डावीकडे." मी झुकते, इतकी की वेणी वाळूला लागते. चाक दाबलं जातं, गाडी बांबूला वळसा घालते आणि चांदीपवाला बाहेरच्या बाजूला पाण्यात. वळणावर आपण त्याला खाल्लं, पुढे सरळ पट्ट्यात त्याच्या बैलांनी आपल्याला खाल्लं. त्याला फेटा मिळाला, आपल्याला नारळ. तू नारळ तिथेच फोडलास आणि पहिला तुकडा मला दिलास, बैलांच्या आधी. पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं. तू फळी गाडीवरून काढून खाली दोन पट्ट्या ठोकल्यास, पाट केलास आणि माझ्या भांड्यांबरोबर सासरी धाडलास. सासू म्हणाली, पाटाला लोखंडी कडी कशाला? मी म्हटलं, आमच्याकडे अशीच पद्धत आहे.

तर आता नव्या गाडीचं ऐक. सर इंग्रजी मासिक घेऊन आले. त्यात फोटो. गाडीवर ताडपत्री टाकलेली, चांदीपवाल्याच्या पेंढ्यासारखी, आणि पाठ तेवढी उघडी. त्या पाठीला दोन खुंट आणि खुंटांवर आडवी फळी. माझ्या हातातले वाल सांडले. मी म्हटलं, "ही बसायची फळी आहे. वळणावर माणूस झुकायला."

सगळे असे हसले की रस्त्यावरचा कुत्रा उठून गेला. सर समजावायला बसले. म्हणे विमानाचा पंख असतो, तो वाऱ्यावर वर उचलतो. तोच उलटा लावला की वारा खाली दाबतो. मी म्हटलं, "वाऱ्याने कोणाला दाबलंय? आमची कौलं दरवर्षी उडतात, एकदा तरी दाबून बसवली का?" टेम्पोवाला माझ्या बाजूने झाला. त्याला काही कळत नाही, पण कौलांचं पटलं. लेकाने फळ्यावर खडूने पंख काढला. मी म्हटलं, मासा छान काढलास.

रोज हेच. मला तर झोपेतून उठताना उत्तरं सुचतात. मग परवा सर सांगत आले की रविवारी त्या गाडीची चाचणी आहे, मुंबईच्या बाजूला विमानांच्या एका जुन्या धावपट्टीवर, आणि लोकांना बघू देणार आहेत. ताडपत्री काढून, आबा. पळवून दाखवणार, वळवून दाखवणार. तिघांचं लगेच ठरलं, सरांची चर्चमधली मिस्सा झाली की टेम्पोने निघायचं. मी म्हटलं, मी येणार.

लेक म्हणाला, "आई, पुढे तिघंच मावतात. ऊन, धूळ, तुझे गुडघे. तिथे तुझं ओझं कशाला?"

बोलला आणि त्याचीच जीभ अडखळली. सर खाली बघायला लागले. त्यांना वाटलं म्हातारीला लागलं. मला इतकं हसू येत होतं की मी पदर तोंडाला लावला, तर त्यांना वाटलं रडतेय. तुझ्यानंतर त्या नावाने मला कोणी हाक मारली नव्हती.

पण नाही म्हणजे नाहीच म्हणत होता तो. आणि मला ती गाडी वळताना बघायचीय. एकदाच, पण बघायचीय. मग मी पदर काढला आणि म्हटलं, "पैज लाव. फळी बसायची निघाली तर तू माझ्यासमोर कान धरायचे. नाही निघाली तर मी होळीपर्यंत गॅरेजच्या दारात बसणार नाही आणि गाड्यांबद्दल तोंड उघडणार नाही."

"होळीपर्यंत?" लेकाचे डोळे चमकले. वाक्य संपायच्या आत त्याने हातावर टाळी दिली.

मी म्हटलं, "आता निकाल कोण सांगणार? तुम्ही तिघं एका माळेचे मणी. मी माझ्या डोळ्यांनी बघणार."

मग टेम्पोवाला म्हणाला, "बराबर हाय. पैज लावली तं बघाय पायजे." लेक म्हणाला, "मागे बसावं लागेल, मासळीच्या वासात." मी म्हटलं, "मी काय कलेक्टरीण आहे? माझा पाट आहे, त्याच्यावर बसेन."

तर उद्या निघतोय. पाट घासून ठेवलाय. टेम्पोत मी उलटीच बसणार, म्हणजे मागचा रस्ता सुटताना दिसेल. हा कागद तुला कुठे धाडू, पत्ता काय घालू? दुसरीपर्यंतच्या शाळेत ते शिकवलं नाही. सकाळी पाणी तापवताना बंबात घालीन, जळायला तरी कामाला येईल. लेक आत्ताच गॅरेजात मोठ्याने सांगतोय की होळीपर्यंत शांतता. सांगू दे. चार महिने घरात बसून वाल सोलायचे म्हणजे जिवावरच आहे, पण सोलीन.

एक तेवढं तुला सांगते, त्यांना सांगणार नाही. ज्याला फळीवर माणूस बसवायचा असतो तो आधी धरायला कडी ठोकतो. लाकडाच्या गाठीसुद्धा कोरून टाकणाऱ्या तुला तेवढं लोखंड जड झालं नाही. फोटोतल्या फळीला कडी नव्हती, आबा. ते मी वाल सांडले तेव्हाच बघितलं होतं.