नव्या भागात दुसरा रिमोट नाही

६ फेब्रुवारी २०१३, बुधवार
(ठिकाण शेवटी लिहितो.)

प्रिय नोमान,

जगनचा सलाम. तू बरा असशील, अब्बांची शुगर आटोक्यात असेल, आणि अम्मी मला अजून शिव्या देत असतील तर देऊ देत. शाळेत ‘पत्र लिहिण्यास कारण की’ असं लिहायला शिकवलं होतं. कारण आहे, पण ते एकदम पुढे यायला तयार नाही. मधे मधे दुसरंच काहीतरी येईल. तुला माझी सवय आहे.

फोनच करणार होतो. नंबर पाठ आहे. पण फोनवर तू गप्प राहिलास तर मी एखादा जोक मारून ठेवून देईन, हे मला माहीत आहे. कागद बरा. तो आधीपासूनच गप्प असतो.

मी मजेत. म्हणजे हिंडतोय. आधी ट्रकवर क्लीनर होतो, हुबळीपर्यंत जाऊन आलो. मग महाडला ढाब्यावर, मग डहाणूला चिकूच्या वाडीत पेट्या भरायला. गेल्या वर्षी एका मंडपवाल्याबरोबर अठ्ठेचाळीस लग्नं लावली, सगळी दुसऱ्यांची. सहा महिन्यांवर कुठेच टिकलो नाही. गाव कुठलं म्हणून कोणी विचारलं तर कधी पेण सांगतो, कधी रोहा. खरं गाव ओवे सांगितलं तर कोणीतरी ओळखीचं निघायचं. आईला वाटतं मी सुरतला कायम झालोय.

हां, तर गेम. आपल्या ‘जंगल फायर’चा नवीन भाग आलाय. एका दुकानाच्या काचेवर पोस्टर लावलेलं दिसलं आणि मी चालता चालता थांबलो. तेच दोन कमांडो, एक लाल पट्टीवाला, एक निळ्या. लाल मी, निळा तू. मी आत शिरून बसलोच.

नोमान, आधी वीस मिनिटं नुसता पिक्चर. बटण दाबलं तरी पुढे जात नाही. लाल पट्टीवाल्याला आता बायको आहे, ती वारलेली आहे, आणि तो तिचा फोटो बघत बसतो. आपल्या वेळी त्याला बंदूक सोडून काही नव्हतं. पानावरचं पाणीसुद्धा खरं दिसतं, ते मान्य. पण गोळ्या लागल्या तर मरण नाही. स्क्रीन लाल होते, भिंतीआड जरा बसायचं, श्वास घ्यायचा, की झाला ठणठणीत. तीन जीव वगैरे भानगडच नाही.

आणि दुसरा रिमोट नाही. मी दुकानदाराला म्हटलं, “दुसरा रिमोट लावा ना, दोघांचा गेम हाय हा.” तर तो म्हणाला, “दुसरा माणूस ऑनलाइन असतो. आणि आपलं नेट कधी चालतंय? कॉम्प्युटरबरोबर खेळ गुपचूप.”

मग निळा पट्टीवाला कॉम्प्युटर चालवत होता. मी जाईन तिथे मागे. चिडत नाही, मधेच नानकटाई खात नाही, ‘थांब ना रे’ म्हणत नाही. मी मुद्दाम त्याला पुलावर सोडून पुढे पळालो. पुढच्या वळणावर हजर, जणू काही झालंच नाही. तासभर खेळलो. इतका एकटा मी हुबळीच्या हायवेवर टायरला टेकून बसलो होतो तेव्हाही नव्हतो.

तुला आठवतं, आपल्या गेममध्ये माझे तिन्ही जीव संपले की मी दोन बटणं एकदम दाबून तुझ्यातला एक ओढायचो? तू अब्बांच्या बेकरीतली तुटकी नानकटाई कागदात आणलेली असायची, ती बाकावर आपल्या दोघांच्या मधे, आणि तू स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणायचास, “विचारून घे रे, विचारून.” मी कधी विचारलं नाही. शेवटच्या लेव्हलपर्यंत मी पोचायचो आणि तू बघत बसायचास, कारण तुझे मीच संपवलेले असायचे.

आता लिहितो.

दुकान गुरुदत्तदादाचं होतं. आपण खेळायचो ते जुन्या पनवेलचं त्याचं गेम पार्लर बंद झालं, आता खांदा कॉलनीत सायबर कॅफे आहे. बाक नाही, एकेक खुर्ची आणि मधे प्लायवूडच्या फळ्या. त्याने मला ओळखलं. म्हणाला, “जगन्या, जिवंत आहेस होय? बस.” मग मी खेळत असताना मागे उभा राहून त्याने सगळं पनवेल सांगितलं. कोणाची जमीन गेली, कोणी फॉर्च्युनर घेतली. तुझंही सांगितलं. “नोमान बेकरीत बसतो. आपट्याच्या अ‍ॅक्सिडेंटची केस अजून चालूच आहे. पोलिसांचा शेरा पडला, पासपोर्ट अडकला, कुवेतवाल्या मामाने दुसऱ्याला नेलं. त्या म्हाताऱ्याला, काशिरामला, धड चालता येत नाही. पोरगा चांगला, पण गाडी सांभाळून चालवली असती तर आज कुठे असता.”

नोमान, मी बटण दाबत राहिलो. गोळ्या संपल्या होत्या तरी दाबत राहिलो.

मला वाटत होतं केस केव्हाच मिटली असेल. खरं सांगायचं तर मिटली का हे मी पावणेपाच वर्षं कोणाला विचारलंच नाही. विचारलं नाही म्हणजे मिटली, असं मी धरून चाललो.

गाडी मी चालवत होतो. हे वाक्य मी आजपर्यंत कुठे लिहिलं नव्हतं, बोललोही नव्हतो. पाताळगंगेवर पोहून आपण परत निघालो, तुझ्या शाहीदभाईची मोटरसायकल, चावी मी तुझ्या खिशातून काढली, आणि तू ओल्या केसांनी मागे बसून म्हणालास, “हळू, जगन.” काशिरामबाबा सायकल हातात धरून कडेने चालले होते. मागून आपली धडक बसेपर्यंत त्यांनी वळून बघितलंही नव्हतं, म्हणून कोण चालवत होतं हे त्यांना आजही माहीत नाही. लोक शेतातून धावत येत होते आणि तू मला म्हणालास, “तू जा. तुझ्याकडे लायसन नाही, माझ्याकडे आहे. मी बघतो.”

त्या दिवशी मला दोन बटणं दाबावी लागली नाहीत. तुझा एक तू आपण होऊन दिलास. मी ‘नको’ म्हणायला पाहिजे होतं. मी सायकलचं फिरणारं चाक बघितलं आणि पळालो. तुला वाटलं असेल चार दिवसांनी येईल. मलाही तेच वाटलं होतं.

पुढची तारीख सोमवारी अठराला आहे म्हणे. मी कोर्टात येतो. तुझ्या वकिलाला आधी विचारून ठेव, म्हणजे माझ्या बोलण्याने तू खोटं बोललास म्हणून आणखी अडकायला नको. कसं बोलायचं ते तो सांगेल, काय बोलायचं ते मला माहीत आहे. त्याआधी आपट्याला जाऊन काशिरामबाबांना सांगणार आहे. एकटा जाणार आहे. तू बरोबर आलास तर पुन्हा तूच बोलशील.

माफ कर असं लिहिणार होतो. खोडलं. ते तुझ्याकडून आणखी एक मागितल्यासारखं झालं असतं.

मी पळेन असं तुला वाटेल. वाटायलाच पाहिजे. बसस्टॉप समोर आहे आणि पेणची गाडी दर अर्ध्या तासाला. म्हणून एक केलंय. पत्र गुरुदत्तदादाच्या हातात देतोय, पाकीट न चिकटवता. “वाचू का?” असं त्याने आत्ताच विचारलं. मी म्हटलं, “वाच, दादा.” तुझ्यापर्यंत पोचेपर्यंत ते कापड बाजारात, मच्छी मार्केटात आणि ओव्यात माझ्या आईपर्यंत पोचलेलं असेल. बेकरीत तुला कोणी गाडीवरून बोललं, तर आता त्यांना उत्तर आहे.

तू येऊ नकोस. मनात आलं तर ये. मी अठरा तारखेपर्यंत इथेच आहे, दिवसा या दुकानाबाहेरच्या पायरीवर. पायरी लांब आहे, दोघं बसतात.

तुझ्या वाट्यावर इतकी वर्षं फिरलेला,
जगन
खांदा कॉलनी, पनवेल. तुझ्या बेकरीपासून चालत वीस मिनिटं.