नवरीच्या गाडीची चाकं

बाबा, आज सकाळी मी गाडी धुणाऱ्यावर इतकी ओरडले की शेजारचा चहावाला किटली हातात धरून तसाच उभा राहिला. तो बिचारा माझ्या गाडीच्या चाकांवर संडास धुवायचं अ‍ॅसिड ओतायला निघाला होता. "मॅडम, एका मिनटात चकाचक करून देतो." म्हटलं, बाटली उघडली तर याद राख. मग बादली ओढून घेतली, पदर खोचला आणि स्वतःच खाली बसले. आधी नुसत्या पाण्यानं माती भिजू दिली. टायर साबणानं आणि ब्रशनं घासला, आणि तो ब्रश चाकाला लागू न देता चाक वेगळ्या मऊ फडक्यानं पुसलं. तो म्हणाला, "कोनापासून शिकल्या?" घरी आले आणि हे लिहायला बसले. तुम्हाला अशी शाळेतली मराठी लिहिताना मलाच कसंतरी होतंय. तुम्ही म्हणाला असतात, "लय पुस्तकी झाली बाप्पा माई पोरगी."

तुमच्या गाडीची चाकं तुम्ही नागपूरहून आणली होतीत, आठवतं? भाड्यानं चालवायची पांढरी गाडी जुनीच, पण लग्नात नवरदेव बसवायचा तर गाडीला रुबाब पाहिजे म्हणून चमकणारी मिश्रधातूची चाकं, मॅगव्हील, घातलीत. दुकानदारानं बजावलं होतं, "काका, ऊपर क्लिअर कोट है, चमकवाली पतली परत. तेजाब लगाया तो समझो गया. तारेची घासणी तर लावूच नका." झालं! तुमच्यासाठी ती देवाज्ञाच. टायरचा ब्रश वेगळा, चाकाचं फडकं वेगळं, आणि ते फडकं मायच्या जुन्या लुगड्याचंच हवं. ऊन उतरल्याशिवाय, चाक गार झाल्याशिवाय पाणी घालायचं नाही. आपल्या यवतमाळला उन्हाळ्यात नळ कधी यायचा ते नळालाच ठाऊक, आणि तुम्ही अर्धी बादली चाकांसाठी बाजूला काढायचात. माय तणतणायची, "मानसाईले प्याले पानी नाही, अन् ह्यायच्या गाडीची दिवाळीची आंघोय! एवढा हात मायावर फिरवला असता त मी बी चमकली असती." तुम्ही नुसते मिशीत हसायचात.

पण त्या वर्षांत गाडीला लग्नापेक्षा दुसरंच काम जास्त होतं. कापसानं सगळ्या जिल्ह्याचं वाटोळं केलं होतं. गावोगाव माणसं जीव देत होती, आणि मुंबई-दिल्लीची माणसं ते पाहायला यायची. पेपरवाले, टीव्हीवाले, कसल्या कसल्या समित्या. त्यांना त्या घरांपर्यंत तुम्ही न्यायचात. परत आलात की गाडी अंगणात घ्यायच्या आधी बाहेर रस्त्यावरच चारही चाकं धुवायचात. मयतीच्या घरून आलेला माणूस पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, तसंच ते. तिथं काय पाहिलं ते मात्र तुम्ही घरात कधी बोलला नाहीत. मी कॉलेजात जाणारी, तोंडाळ पोरगी. खोदून खोदून विचारायची. तुम्ही म्हणायचात, "जाऊ दे नं. वाढ मले."

मग ते दारव्ह्याच्या नवरदेवाचं लग्न आलं. नवरदेवाच्या गाडीला फुलं लावायचं काम माझं, म्हणून दुसऱ्या दिवशी मीही तुमच्याबरोबर जाणार होते. आदल्या संध्याकाळी नवरदेवाचा भाऊ वेळ सांगायला आला आणि जाता जाता त्यानं नवरीच्या गावाचं आणि तिच्या गेलेल्या बापाचं नाव घेतलं. केळापूरकडचं गाव. तो गेल्यावर मायला म्हणालात, "थ्या घरी जाऊन आलो मी हिवाळ्यात, पेपरवाल्यायले घेऊन. तिचा बाप गेल्ता. त्याच पोरीचं लगन हाय हे." दुसरी गाडी पाहायला तुम्ही गावभर फिरलात. दाट तिथी, एकही मोकळी नव्हती. "तिनं गाडी वयखली त?" ती गाडी ओळखेल, हे एकच तुम्ही पुन्हापुन्हा म्हणत होतात. "लगनाच्या दिवशी बापाची मयत आठवन तिले. माया गाडीनं आठवन."

आणि मग तुम्ही चाकं धुवायला बसलात. अवकाळीचा चिखल खाचांमध्ये वाळून घट्ट झाला होता. तो भिजेपर्यंत थांबायचं सोडून तुम्ही न्हाणीतली अ‍ॅसिडची बाटली आणलीत. तुम्ही, बाबा! फस्सकन फेस आला, माती निघाली, आणि चाकांवर चुन्याचे शिंतोडे उडावेत तसे पांढरे डाग पडले. मी किंचाळले, "काय करून राह्यले बाबा! उद्या गाडी त्याच गावाले चालली ना? थेच माती परत लागन!" तुम्ही वर पाहिलं नाहीत. "लागू दे. जातानी तरी कोरी जाऊ दे."

लग्न लागलं, जेवणं झाली. पाठवणीची वेळ. मी गाडीचे हार सारखे करतेय आणि नवरीचा काका गाडीजवळ येऊन थबकतो. "अरे, हे त पेपरवाल्यायची गाडी होय." बस, एवढंच. पण नवरदेवाचा मामा भडकतो, "मयतीच्या घरी फिरवलेली गाडी नवरीले आनली? लाज नाही वाट्टे तुमाले? जीप बोलवा रे दुसरी!" सगळा मांडव तुमच्याकडे बघतोय. मला वाटलं तुम्ही काहीतरी बोलाल. तुम्ही खाली मान घातलीत आणि निमूट हारांची सुतळी सोडायला लागलात. मला इतका राग आला होता, बाबा, तुमचाच. मामाशी भांडायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात गलका थांबला. नवरी येऊन उभी होती. रडून रडून डोळे सुजलेले. तिनं गाडी पाहिली, मग तुम्हाला पाहिलं.

"काका, वयखलं का मले?"

तुम्ही मान डोलावलीत. ती मामाकडे वळली. "मी याच गाडीत जातो."

"अवो बाई, असं अपशकुनी..."

"कायचा अपशकुन? थ्या टायमाले कितीक लोकं आले आमच्या घरी. कसं झालं, कवा झालं, कोनं पाह्यलं, समद्यायनं इचारलं. फोटू काढले. ह्या काकाले मी पानी देल्लं, त हे म्हने, बाई, तू जेवली का? उपाशीच होती मी. ह्यायनं आपला डब्बा देल्ला मले. गोठ्यामांगं बसून खाल्ला मी थो." मामा स्वतःच दार उघडून उभा राहिला. तुम्ही सुतळी पुन्हा बांधायला घेतलीत. दुसऱ्या बाजूची मी बांधली.

नवरीला पोचवून आपण दोघंच परत येत होतो. मी विचारलं, "घरी काहून नाही सांगितलं हे?" तुम्ही रस्त्यावरून नजर न हलवता म्हणालात, "सांगासारखं काय हाय त्याच्यात? लेकरू भुकेलं होतं." चाकांवरचे डाग शेवटपर्यंत गेले नाहीत. गाडी विकली तेव्हा घेणाऱ्यानं नाक मुरडलं होतं, आणि तुम्ही त्याला कारण सांगितलं नव्हतं.

हे पत्र तुम्हाला कुठे पाठवू? घडी करून कपाटात साड्यांखाली ठेवीन, झालं. पण एक राहिलंय, आणि ते मी मायलाही कधी सांगितलं नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. कसं झालं, कधी झालं, शेवटी काही बोलले का, जो तो मलाच विचारत होता, आणि मी प्रत्येकाला तेच तेच सांगत होते. त्यांचं काही चुकलं नाही, मीही दुसऱ्यांच्या घरी जाऊन हेच विचारते. पण दिवसभर मी येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते. तू जेवली का, हे विचारणारा माणूस एकच होता, आणि आम्ही त्यालाच उचलायच्या तयारीत होतो. बाबा, त्या दिवशी मला फार भूक लागली होती.