‘दीपाली’तला पा

बोईसर, १२ फेब्रुवारी २०२५

ती. ज्ञानेश्वरी वन्संना,
साखरबाईचा नमस्कार. गुडघा आता कसा आहे?

एक सकाळ सारखी आठवते. अंगण झाडून झालं होतं. भाकरीचं पीठ मळता मळता मी तुमच्या भावाला विचारलं, वांगी करू की डाळ? त्यांच्या तोंडात रबरी नळी, हातात तापलेली काच. काच वाकवताना फुंकत राहावं लागतं, नाहीतर ती चपटी होते. त्यांनी भुवई उचलली, म्हणजे वांगी. त्या दिवशी ते ‘दीपाली’ लॉजच्या दिव्याच्या पाटीचा जादा पा करत होते. एखादा फुटला तर असावा म्हणून.

स्टेशनबाहेरची ती लाल पाटी तुम्ही पाहिली आहे. तीस वर्षं त्यांनीच सांभाळली. कारखान्यांच्या धुराचा थर बसतो, म्हणून दर महिन्याला शिडी लावून अक्षरं पुसायचे. दिवाळीत पाटीवरचा पा फुटला. रिक्षावाले आता चेष्टेने ‘दीली, दीली’ ओरडतात.

लॉजची मालकीण रूपल जादा पा मागायला आली. काच वाकवणारं इकडे कुणी उरलं नाही. पा नाही मिळाला तर पाटी उतरवून प्लास्टिकची लावणार, म्हणाली. मी सांगितलं, तो कधीच फुटला.

“मग पलंगाखाली काय झाकलंय, काकी?”

“लोणच्याची बरणी.”

“आडवी?” म्हणाली आणि हसत गेली.

वन्सं, त्यांच्या तेराव्याला तुम्हीही तो भावाची आठवण म्हणून मागितला होता. तुम्हालाही मी हेच सांगितलं. तुम्हाला ते पटलं नव्हतं. तीन वर्षं तुम्ही इकडे फिरकला नाहीत, ते त्यामुळेच ना? मला वाटायचं, त्यांची फुंकर त्या काचेत कोंडून राहिली आहे. ती मला कुणाला द्यायची नव्हती.

मग लाल रंग येतो कुठून, हे कळावं म्हणून वाचनालयातून पुस्तक आणलं. शाळा माझी दुसरीपर्यंत, एकेक पान तीनदा वाचलं. काच वाकवून झाली की आतली सगळी हवा पंपाने ओढून काढतात, मग निऑन वायू भरतात. हवा राहिली तर अक्षर नीट पेटत नाही. तो पंप मी इतकी वर्षं ऐकला, कशाचा आहे ते कधी विचारलं नाही.

पुस्तक मिटलं. मग पा बाहेर काढून पुसला. वळण त्यांच्याच हातचं आहे, एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी तो गोधडीत गुंडाळून रिक्षाने गेले आणि रूपलच्या हातात दिला.

तुमच्याशी खोटं बोललेली,
तुमची भावजय
साखर